मलावीच्या खेड्यांत आरोग्य आणि पाण्याचं काम: तरुण स्वयंसेवकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आफ्रिका एवढी मोठी, मग फक्त मलावीच का?

कारण आफ्रिकेत ५४ देश आहेत आणि सगळ्यांना लागू पडेल असं उत्तर खोटं ठरतं. युगांडात गावपातळीवर आरोग्याचं काम करणारे लोक वेगळे, झांबियातला हातपंप वेगळा, मोझांबिकमधली कार्यालयीन भाषा वेगळी. मलावीतली व्यवस्था नीट कळली, की शेजारच्या देशात कोणते प्रश्न विचारायचे ते आपोआप कळतं. म्हणून इथली सगळी माहिती मलावीच्या ग्रामीण भागाची आहे, आणि साधारण ३ महिने ते वर्षभर राहणाऱ्या विशी-पंचविशीतल्या मुलामुलींसाठी आहे.

स्वयंसेवक म्हणजे बाहेरून आलेली व्यक्तीच ना?

नाही, आणि हा गैरसमज आधी दूर व्हायला हवा. मलावीच्या खेड्यांत आरोग्याचं बहुतांश विनामोबदला काम गावातलीच माणसं करतात. गावाची आरोग्य समिती असते, पाण्याची समिती असते. पोषणासाठी ‘केअर ग्रुप’ असतात: १० ते १५ बायकांचा एक गट प्रशिक्षकाकडून दर पंधरवड्याला एक धडा शिकतो आणि त्यातली प्रत्येक बाई आपल्या शेजारच्या १० ते १५ घरांत तो पोचवते. ही पद्धत १९९५ मध्ये शेजारच्या मोझांबिकमध्ये सुरू झाली. बाहेरून येणारा तरुण या साखळीतली आणखी एक कडी नसतो. साखळी जिथे ताणली गेली आहे तिथे हात लावणं, एवढंच त्याचं काम. नोंदवही नीट नसेल तर ती लावून द्यायची, पंपाचा सुटा भाग कुठे मिळतो ते शोधायचं, सभेसाठी चित्रं काढून द्यायची. कामाचा मालक गावातलाच माणूस राहिला पाहिजे.

गावात पोचल्यावर आधी कोणाला भेटायचं?

जिल्हा आरोग्य कार्यालयाची परवानगी आधीच हातात हवी. गावात गेल्यावर सर्वांत आधी गावप्रमुखाला भेटायचं. काही गावांवर मिळून एक गटप्रमुख असतो आणि त्याच्या वर पारंपरिक प्रमुख, ज्याला तिथे टी.ए. म्हणतात. ही उतरंड चुकवून थेट घराघरांत शिरलात तर लोक तोंडावर काही बोलणार नाहीत, पण सभेला कोणी येणार नाही. गावप्रमुख बाई असणं मलावीत नवलाचं नाही, त्यामुळे ‘प्रमुखसाहेब कुठे आहेत’ असं विचारू नका.

एचएसए कोण असतात?

हेल्थ सर्व्हेलन्स असिस्टंट. आपल्याकडच्या आशाताईंशी तुलना केली तर चटकन समजेल: दोघांचंही उद्दिष्ट साधारण १,००० लोकांमागे एक. पण आशाताईंना कामागणिक मोबदला मिळतो, तर एचएसए पगारी सरकारी कर्मचारी असतो, आणि त्यात पुरुषही भरपूर असतात. लसीकरण, पाण्याच्या स्रोतांची पाहणी, साथींची खबर हे सगळं त्याच्याकडे. २००८ पासून दुर्गम गावांत ‘व्हिलेज क्लिनिक’ सुरू झाली. तिथे प्रशिक्षित एचएसए पाच वर्षांखालच्या मुलांच्या मलेरिया, न्यूमोनिया आणि जुलाबांवर उपचार करतो.

अडचणी तीन. एका एचएसएकडे प्रत्यक्षात १,००० पेक्षा बरेच जास्त लोक असतात. अनेक एचएसए नेमून दिलेल्या गावात राहत नाहीत, कारण राहण्याजोगं घर नसतं. आणि औषधं संपतात. तिसऱ्या अडचणीत तुमची खरी मदत होऊ शकते. दर महिन्याला स्टॉक कार्डावरची शिल्लक आणि पेटीतली प्रत्यक्ष शिल्लक त्याच्यासोबत बसून ताडून बघा. आकडे जुळत नसतील तर बहुतेक वेळा चोरी नसते. रुग्णाच्या नोंदवहीत लिहिलेलं स्टॉक कार्डावर उतरवायचं राहिलेलं असतं. मागणी वेळेत गेली नाही की पुढचा महिना पेटी रिकामी.

मी नर्सिंगला किंवा एमबीबीएसला आहे. औषधं देऊ शकतो का?

नाही. मलावीत डॉक्टर म्हणून काम करायला तिथल्या मेडिकल कौन्सिलची आणि नर्सला तिथल्या नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागते. आपल्या देशात विद्यार्थ्याला एकट्यानं जे करता येत नाही ते मलावीतल्या गरीब माणसावर करून बघणं हा गुन्हाही आहे आणि अन्यायही. टाके घालणं, बाळंतपण, सुई टोचणं यातलं काहीही ‘शिकायची संधी’ म्हणून स्वीकारू नका, समोरच्यानं आग्रह केला तरी.

करता येण्यासारखं पुष्कळ आहे. खोकला झालेल्या मुलाचे श्वास एचएसए मोजत असताना घड्याळ धरा. पूर्ण ६० सेकंद मोजायचे असतात. १५ सेकंद मोजून चारनं गुणलं की चूकही चौपट होते. मूल रडत किंवा दूध पीत असेल तर थांबायचं. २ ते १२ महिन्यांच्या बाळाचे ५० किंवा जास्त, आणि १ ते ५ वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त श्वास म्हणजे वेगवान श्वास. मूल काहीच पीत नसेल, सगळं ओकत असेल, झटके आले असतील, जागं होत नसेल किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर गावात थांबायचं नाही, आरोग्य केंद्र गाठायचं. अशा वेळी सायकल कोणाची, टॅक्सीवाल्याचा नंबर काय, रात्री कोण सोबत येईल याची यादी गावाच्या समितीकडे आधीच तयार असणं, या एका कागदाला फार मोल आहे.

मलेरियाच्या गोळ्यांबाबतही पाठपुरावा लागतो. त्या ३ दिवस, दिवसातून दोनदा, म्हणजे एकूण ६ वेळा घ्यायच्या असतात. दुसरा डोस पहिल्यानंतर ८ तासांनी. दुसऱ्या दिवशी ताप उतरतो आणि उरलेल्या गोळ्या पुढच्या आजारासाठी जपून ठेवल्या जातात. म्हणून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी जाऊन ‘किती गोळ्या राहिल्या, दाखवता का?’ एवढंच विचारायचं, तेही आरोग्य समितीतल्या बाईंना सोबत घेऊन.

कुपोषण ओळखायची दंडाची पट्टी कशी वापरायची?

पट्टी ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांसाठी असते. डावा दंड मोजायचा. आधी कोपर काटकोनात वाकवून खांद्याच्या हाडाचं टोक आणि कोपराचं टोक यांच्यातला मध्य शोधायचा, खूण करायची, मग हात सरळ सैल सोडून त्या खुणेवर पट्टी गुंडाळायची. ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी आलं तर लाल, म्हणजे गंभीर कुपोषण. ११.५ ते १२.५ च्या दरम्यान पिवळं, म्हणजे मध्यम. त्यावर हिरवं, म्हणजे ठीक.

चुका ठरलेल्या असतात. बाही वर न करता कपड्यावरून मोजणं. मध्य अंदाजानं धरणं. पट्टी आवळणं, कातडीला सुरकुती पडली तर ती घट्ट आहे, खालून उजेड दिसला तर सैल. आणि सर्वांत मोठी चूक म्हणजे पाय न बघणं. दोन्ही पावलांच्या वरच्या बाजूला अंगठ्यानं ३ सेकंद दाबा. दोन्हीकडे खळगा राहिला तर पट्टी हिरवी असली तरी मूल गंभीर आहे, कारण सुजेमुळे अंग भरलेलं दिसतं. लाल पट्टी किंवा सूज दिसली की त्याच दिवशी आरोग्य केंद्रात.

आईसमोर ‘लाल आलं’ असं मोठ्यानं म्हणू नका. रांगेतल्या वीस बायकांना ते ऐकू जातं आणि पुढच्या वेळी ती आई येत नाही.

जुलाबांसाठी मीठ-साखरेचं पाणी शिकवायचं का?

ओआरएसचं पाकीट मिळत असेल तर तेच शिकवा. एक पाकीट, १ लिटर स्वच्छ पाणी. गडबड लिटरमध्ये होते. घरात मापाचं भांडं नसतं, सॉफ्ट ड्रिंकची ३०० किंवा ५०० मिलीची बाटली असते. प्रात्यक्षिकाला तुमचा मापाचा जग नेऊ नका. त्या घरातलंच भांडं घ्या, त्यात किती पाणी मावतं ते एकदा मोजा आणि बाहेरून रंगानं किंवा खिळ्यानं खूण करून द्या. पाणी कमी पडलं तर मिठाचं प्रमाण वाढतं आणि बाळाला अपाय होतो. जास्त झालं तर उपयोग कमी. अर्धं पाकीट आज, अर्धं उद्या असंही नको. कालवलेलं पाणी २४ तासांनी ओतून द्यायचं.

पाकीट नसेल तेव्हाच घरचं: १ लिटर पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि ‘सपाट’ हे करून दाखवायचं, सुरीनं वरचा ढीग काढून. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली, थोडं थोडं. ओकलं तर १० मिनिटं थांबून पुन्हा. सोबत झिंक: सहा महिन्यांवरच्या मुलाला २० मिलिग्रॅम, त्याहून लहान बाळाला १० मिलिग्रॅम, १० ते १४ दिवस. झिंक जुलाब थांबल्यावर बंद केलं जातं, म्हणून पुढचे दिवस का द्यायचं ते आईला समजावून सांगावं लागतं: पुढच्या काही महिन्यांतले जुलाबही त्यानं कमी होतात.

मच्छरदाण्या तर सरकार वाटतं. मग आपण काय करायचं?

टांगायला मदत. गवताच्या छपराच्या गोल किंवा लहान खोलीत चार खिळे ठोकायला जागाच नसते, आणि दिवसा त्याच जागी स्वयंपाक होतो. दोरी, खिळे, बांबूची आडवी काठी आणि दिवसा मच्छरदाणी वर गुंडाळून ठेवायची सोय करून दिली की ती वापरात राहते. नवी मच्छरदाणी आधी २४ तास सावलीत मोकळी टांगायची, नाहीतर चेहऱ्याची आग होते आणि लोक ती काढून ठेवतात. वाळवायची तीही सावलीत. उन्हात तिच्यावरच्या कीटकनाशकाचा असर कमी होतो. मलावी सरोवराकाठी काही मच्छरदाण्या मासेमारीला जातात. त्यावर ओरडून काही होत नाही. फाटलेल्या जुन्या जाळ्या वेगळ्या आणि झोपायच्या वेगळ्या, हे घरातल्या बाईशी बोलून ठरवता येतं.

गावातला हातपंप बंद आहे. दुरुस्त करता येईल का?

बहुतेक वेळा हो, आणि तरुण हातांना याहून समाधानाचं काम दुसरं नाही. मलावीतला प्रमाणित पंप म्हणजे आफ्रिदेव. साधारण १० ते ४५ मीटर खोलीसाठी. तो खास अशासाठी बनवला की क्रेन, ट्रक आणि मेकॅनिकची फौज न बोलावता गावच्या बायकांना तो उघडता यावा. एक स्पॅनर आणि तळाची झडप वर काढायचा आकडा एवढ्यावर काम होतं.

आधी पंप न उघडता निदान करा. पाणी येईपर्यंत हापसा, मग ३० मिनिटं थांबा आणि पुन्हा हापसा. दांडा पाच वेळा मारायच्या आत पाणी आलं तर तळाची झडप ठीक. जास्त वेळा मारावा लागला तर ती गळते आहे: तिचं ओ-रिंग (रबरी कडं) किंवा बॉबिन (पाणी उलट जाऊ न देणारी आतली सोंगटी) झिजलं आहे. पाणी लगेच येतं पण धार बारीक, तर दट्ट्याचं यू-सील, म्हणजे त्याच्याभोवतीचं रबरी वॉशर गेलं. दांडा डुगडुगतो, आवाज करतो, तर दांड्याच्या पिनांवरचे प्लॅस्टिकचे बुश झिजले. दांडा एकदम हलका आणि पाणी अजिबात नाही, तर खाली कुठेतरी सळई सुटली. आणि सगळं ठीक असूनही ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाणी येत नसेल तर विहिरीची पातळीच खाली गेली आहे. तिथे पंप उघडून काही साधणार नाही.

उघडताना जमिनीवर स्वच्छ ताडपत्री अंथरा. वरचं झाकण काढा, दांड्याच्या दोन्ही पिनांचे नट सोडवा, दांडा बाजूला करा. मग सळया वर ओढायच्या. प्रत्येक सळई साधारण ३ मीटरची, आणि एकमेकींत आकडा-कडीनं अडकवलेली, त्यामुळे जोड हातानंच सुटतो. जोड सोडवताना खालची सळई कोणीतरी घट्ट धरून ठेवायची. ही पकड सुटली की सगळ्या सळया तळाला जातात आणि दहा मिनिटांचं काम दोन दिवसांचं होतं. शेवटी दट्ट्या येतो. मग आकड्यानं तळाची झडप काढायची. पाइप काढावाच लागत नाही, हीच या रचनेची खुबी.

बदलायचे भाग थोडे आणि स्वस्त: यू-सील, ओ-रिंग, दोन बॉबिन, बुश. दट्ट्याचं आणि झडपेचं बॉबिन एकसारखंच असतं. मोडण्याची वाट न बघता हे वर्षातून एकदा बदलावेत. परत बसवताना झडप पाइपात सोडून द्यायची आणि दट्ट्यानं हलकेच दाबून बसवायची. सळया मातीत ठेवल्या असतील तर ती माती पाण्यात जाते आणि पहिल्या आठवड्यात नवं सील कापते. शेवटी पाणी नितळ येईपर्यंत हापसा. क्लोरीन किती घालायचं ते पाणी खात्याचा माणूस ठरवेल.

दुरुस्ती तुम्ही एकट्यानं करू नका. भागातला मेकॅनिक असतोच, त्याला ठरलेली मजुरी मिळू द्या. फुकट करून दिलंत तर तो धंदा सोडेल आणि पुढच्या वर्षी गावाला कोणी उरणार नाही. पाणी समितीतल्या बायकांच्या हातात स्पॅनर द्या. आणि समितीची वही उघडून बघा. पंप यू-सील झिजल्यामुळे बिघडतो, पण महिनोन्महिने बंद राहतो तो वर्गणी गोळा न झाल्यामुळे.

हा पंप आणि आपल्याकडचा हातपंप एकच का?

नाही, पण नातं आहे. १९६०च्या दशकात जालन्याच्या मिशनमध्ये ओतीव लोखंडाच्या सतत मोडणाऱ्या पंपांऐवजी एकाच खांबावर बसणारा पोलादी पंप तयार झाला. त्यात सुधारणा होऊन सोलापूर पंप आला आणि त्यावरून १९७०च्या दशकात युनिसेफच्या पुढाकारानं इंडिया मार्क टू. तो झांबिया, घाना, युगांडापर्यंत पोचला. मजबूत, पण खालचा भाग काढायला लोखंडी पाइप उचलावे लागतात. ती अडचण डोळ्यांसमोर ठेवून १९८०च्या दशकात मलावी आणि केनियात आफ्रिदेव घडवला गेला.

आरोग्याच्या बाबतीतही असा एक धागा आहे: आरोळे दांपत्यानं १९७० मध्ये जामखेडला सुरू केलेल्या कामात खेड्यातल्या बायकांना आरोग्यसेविका केलं गेलं, आणि ते शिकायला आफ्रिकेतूनही लोक येत राहिले. जाण्याआधी जामखेडला आठवडाभर राहून आलात तर मलावीत डोळे उघडे ठेवून उतराल.

हात धुण्यासाठी ‘टिपी टॅप’ बांधतात ते किती टिकतात?

५ लिटरचा कॅन, दोन बेचक्याच्या काठ्या, एक आडवी काठी, दोरी आणि पायानं दाबायची काठी. कॅनला झाकणाखाली साधारण १२ सेंटीमीटरवर तापवलेल्या खिळ्यानं भोक. तासाभरात होतो, आणि लक्ष दिलं नाही तर महिन्यात मोडतो. काठ्यांना वाळवी लागते, साबण शेळ्या खातात किंवा पावसात विरघळतो, कॅन कोण भरणार ते ठरलेलं नसतं. काठ्यांचं खालचं टोक जाळून काळं करून पुरा, साबण अर्ध्या करवंटीखाली टांगा, खाली खडीचा खड्डा करा. शाळेत बांधलात तर कॅन भरायची पाळी वर्गवार फळ्यावर लिहून घ्या.

शाळा बांधायला किंवा अनाथाश्रमात मुलं सांभाळायला जावं का?

बांधकामाला नको. गावात गवंडी आहेत, त्यांना काम हवं आहे आणि त्यांची भिंत तुमच्यापेक्षा सरळ येते.

अनाथाश्रमात तर मुळीच नको. तिथल्या कितीतरी मुलांचे आई-वडील किंवा जवळचे नातलग हयात असतात, आणि पाहुण्यांच्या देणग्यांमुळे मुलं घरापासून दूर ठेवली जातात. दर दोन महिन्यांनी नवा माणूस लळा लावून निघून जातो, ते त्या मुलांना सोसावं लागतं.

फोटो काढले तर चालतात?

आजारी माणसाचे, पट्टी लावलेल्या मुलाचे, क्लिनिकच्या रांगेचे नाही. एचआयव्हीच्या औषधाच्या दिवशी तर फोन खिशाबाहेरच काढू नका. कोण कुठल्या वारी येतं एवढ्यावरून गावाला कळतं.

कोणत्या महिन्यात जावं?

मे ते ऑक्टोबर. पाऊस नोव्हेंबर ते एप्रिल. पेरणीच्या दिवसांत सकाळी सभा बोलावली तर कोणी येणार नाही, आणि का यावं? जानेवारी ते मार्च हे घरातला मका संपलेले भुकेचे महिने, मलेरियाही तेव्हाच जोरात. आरोग्याचं काम तेव्हाच जास्त लागतं, म्हणून वर्षभर राहणाऱ्यानं हे महिने चुकवू नयेत. पण पहिल्यांदा जाणाऱ्यानं कोरड्या हंगामात सुरुवात करावी. गावात मयत झाली तर त्या दिवशी सगळं काम बंद, आणि तुम्हीही अंत्यविधीला जायचं.

भाषेचं काय?

कार्यालयात इंग्रजी, गावात बहुतेक ठिकाणी चिचेवा, उत्तरेत तुंबुका. मराठी माणसाला एक गोष्ट सोपी जाते: चिचेवात आपल्यासारखंच आदरार्थी बहुवचन आहे. मोठ्यांना ‘मुली ब्वांजी?’, बरोबरीच्या मित्राला किंवा लहान मुलाला ‘उली ब्वांजी?’. गल्लत केलीत तर आजींना ‘काय गं, कशी आहेस’ म्हटल्यासारखं होतं. अंगणाशी थांबून ‘ओदी!’ म्हणायचं, आतून ‘ओदिनी’ आलं की पुढे जायचं. ‘झिकोमो’ म्हणजे आभार. देताना-घेताना उजवा हात. मुलींनी कमरेला चितेंजे गुंडाळावं, ते तिथे रोजच्या वापराचं वस्त्र आहे. भारतीय चेहरा दिसला की लोक ‘अम्वेन्ये’ म्हणतील आणि दुकानदार समजतील, कारण तिथले भारतीय मुख्यतः व्यापारी आहेत. त्यात राग मानण्यासारखं काही नाही.

शाकाहारी माणसाचं कसं होईल?

चांगलं होईल. मक्याच्या पिठाची घट्ट उकड म्हणजे न्सिमा, सोबत घेवड्याचे दाणे किंवा भोपळ्याची पानं, बरेचदा शेंगदाण्याचा कूट घालून.

स्वतःच्या तब्येतीसाठी काय तयारी करावी?

‘मला लहानपणी मलेरिया झालाय, मला काही होत नाही’ हे वाक्य जीवघेणं आहे. मलावीतला मलेरिया प्रामुख्यानं फाल्सिपॅरम, मेंदूवर जाणारा. प्रतिबंधक गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानं ठरवा. डॉक्सिसायक्लिन रोज घेतात आणि परतल्यावर ४ आठवडे चालू ठेवतात. अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल परतल्यावर ७ दिवस. घरी आलो म्हणून गोळी सोडणं हीच नेहमीची चूक. परतल्यानंतर काही महिन्यांत ताप आला तर डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा की आपण आफ्रिकेत होतो.

सरोवराचं पाणी कितीही निळं दिसलं तरी त्यात बिल्हार्झिया आहे. गोगलगायींमार्फत येणारा हा परजीवी कातडीतून शिरतो. उतरलात तर साधारण दोन-तीन महिन्यांनी तपासणी करून घ्या. प्राझिक्वांटेल या औषधानं तो बरा होतो.

मलावी पीतज्वराच्या देशांत मोडत नाही, पण इथिओपिया आणि केनिया मोडतात, आणि मुंबईहून जाताना विमान बरेचदा अदिस अबाबा किंवा नैरोबीला बदलतं. सरकारमान्य केंद्रात प्रवासाच्या किमान १० दिवस आधी लस घ्या, लसीचा दाखला असलेलं पिवळं कार्ड पासपोर्टासोबत ठेवा. ही लस जन्मभर चालते. कार्ड लागत असताना नसलं तर परतताना ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावं लागू शकतं. कुत्रा चावण्याआधीची रेबीजची लसही घ्या. गावात चावल्यावर लस मिळेलच असं नाही.

संस्था खरी आहे हे कसं ओळखायचं?

चार गोष्टी लेखी विचारा: गावातल्या कोणत्या व्यक्तीच्या हाताखाली मी काम करणार, त्या कामाची मागणी कोणी केली, माझ्या शुल्कातले किती पैसे मलावीत खर्च होतात, आणि माझ्या आधीच्या स्वयंसेवकाचं काम आज कोण करतं. मुलांसोबतच्या कामाला पोलीस पडताळणी न मागणारी संस्था सोडून द्या. पर्यटक व्हिसावर काम करायला सांगणारीही. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमात १८ ते २६ वयाच्या तरुणांसाठी वेगळा गट आहे. त्यात शुल्क भरावं लागत नाही, उलट राहण्याखाण्याचा भत्ता मिळतो.

परत येताना काय काय सोपवून यायचं?

महिनाभर आधी सुरुवात करा. शेवटचे चार आठवडे नोंदवहीत तुम्ही एकही ओळ लिहू नका. एचएसए किंवा समितीची सचिव लिहील, तुम्ही शेजारी बसा. अडखळलं तर वहीची रचनाच सोपी करा. पंपाच्या सुट्या भागांची यादी, कोणत्या बाजारात कोणत्या दुकानात मिळतात, गेल्या वेळी किती क्वाचा (मलावीचं चलन) पडले आणि पुढची बदली कोणत्या महिन्यात, हे चिचेवात कागदावर लिहून एक प्रत समितीकडे, एक मेकॅनिककडे. तुमच्या लॅपटॉपवरच राहिलेली यादी गावाच्या उपयोगाची नाही. स्पॅनर आणि आकडा कोणाच्या घरी ठेवायचा ते भर सभेत ठरवून घ्या.